रामबाण औषधांच्या सहा बाटल्या : एका प्रदर्शनाच्या कामाच्या नोंदी

६ मे

आमच्या भागातील एका औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयाने पदविकेच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी एकोणिसाव्या शतकातील जाहिरातबाज औषधांचे एक टेबल मांडून देण्याचे काम माझ्याकडे सोपवले आहे. मंजूर रक्कम ८,००० रुपये, मदतीला दोन विद्यार्थिनी व एक विद्यार्थी, आणि मुदत जुलैअखेर. असे काम दुसऱ्या कोणाला करायचे असेल तर निदान माझ्या चुका तरी टळाव्यात, म्हणून या नोंदी ठेवतो आहे.

आज सहा औषधे ठरली. मिसेस विन्स्लोचे बाळांना शांत करणारे सरबत, लिडिया पिंकहॅमचे वनस्पतिज मिश्रण, बीचमच्या गोळ्या, विल्यम रॅडमचे जंतुनाशक, क्लार्क स्टॅन्लीचे सर्पतेल आणि डॉ. कॉलिस ब्राउनचे क्लोरोडाइन. शेवटचे मुद्दाम घेतले, कारण ब्रिटिश फौजेतील या डॉक्टरने ते १८४८ च्या सुमारास भारतात पटकीवर उतारा म्हणून सिद्ध केले आणि १८५६ पासून ते लंडनमध्ये विकले जाऊ लागले. हॉलोवेच्या गोळ्यांचाही मोह झाला होता. त्यांच्या वापराची माहिती भारतातल्या अनेक भाषांत छापली जात असे. परंतु गोळ्यांचे दोन नमुने करण्याइतका वेळ नाही, म्हणून त्या वगळल्या.

शीर्षकावरच दीड तास गेला. अशा औषधांना इंग्रजीत ‘पेटंट मेडिसिन’ म्हणतात, पण आपल्याकडे ‘पेटंट औषध’ म्हणजे कंपनीचे तयार औषध. येथे तो अर्थ चालत नाही, आणि खरे पाहता यांतल्या बहुतेकांनी औषधाचे पेटंट कधी घेतलेच नाही, कारण पेटंट घ्यायचे तर कृती उघड करावी लागते. त्यांनी नोंदवले ते नाव, बाटलीचा आकार आणि लेबल. मी यावर दोनशे शब्दांचा फलक लिहिला होता. मुलांनी तो वाचता वाचता जांभया दिल्या, तेव्हा दोन ओळींवर आणला.

१९ मे

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवार गाठून चौदा बाटल्या आणल्या, १,१५० रुपयांना. जुन्या बाटल्यांची काच किंचित हिरवट असते, आत बुडबुडे दिसतात आणि तळ सपाट नसतो. नव्या पांढऱ्याशुभ्र बाटलीवर कितीही जुने लेबल चिकटवले तरी ती खोकल्याच्या औषधाची बाटली वाटते, हे मी घरी करून पाहिले होते. परतीच्या प्रवासात दोन फुटल्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बाटल्या एकमेकींवर आपटतात. मध्ये जुन्या चादरीचे तुकडे घालायला हवे होते.

२७ मे

लेबले बिघडली. अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालयांनी खुल्या केलेल्या जुन्या लेबलांच्या व रंगीत जाहिरातपत्रांच्या प्रतिमा घेऊन त्या हातकागदावर छापल्या आणि कागद जुना दिसावा म्हणून चहाच्या पाण्यात बुडवले. शाईच्या फवाऱ्यावर चालणाऱ्या प्रिंटरची छपाई पाण्यात उतरते, एवढे साधे ज्ञान मला वेळेवर आठवले नाही. लिडियाबाईंचा चेहरा ओघळून हनुवटीपर्यंत आला. ६४० रुपये वाया गेले.

दुसऱ्यांदा लेझर प्रिंटरवर छापले, तेव्हा रंग टिकला. चहाचे पाणी ब्रशने मागच्या बाजूने लावले आणि लेबल दोन वर्तमानपत्रांत दाबून वाळवले, तर कागद वाकडा होत नाही. चिकटवण्यासाठी गव्हाच्या पिठाची खळ वापरली. (ही खळ पुढे महागात पडली, त्याची नोंद २९ जुलैला आहे.)

लेबलांच्या मराठी अनुवादात एक चूक माझ्या बहिणीने पकडली. पिंकहॅमच्या लेबलावरच्या पहिल्या दाव्याचे मी ‘गर्भाशयभ्रंशावरील निश्चित उपाय’ असे केले होते. ती म्हणाली, “अंग बाहेर येणे असं लिही, नाहीतर त्या बाटलीकडे बायका कशासाठी वळत होत्या ते कुणाला कळणार?” तिचे म्हणणे बरोबर होते. जे दुखणे डॉक्टरांपाशीही बोलता येत नसे, त्याचे नाव छापील लेबलावर वाचायला मिळत होते, आणि मॅसॅच्युसेट्समधील लिनच्या पत्त्यावर एका बाईला पत्र लिहून सल्ला विचारता येत होता.

३ जून

बीचमच्या गोळ्यांचा दिवस. ब्रिटिश वैद्यक संघटनेने १९०९ साली गुप्त औषधांची पृथक्करणे प्रसिद्ध केली, त्यात या गोळीचा घटक-तक्ता असा आहे : काळा बोळ अर्धा ग्रेन, सुंठपूड ०.५५ ग्रेन, साबणाची पूड ०.१८ ग्रेन. आजच्या मापात अनुक्रमे सुमारे ३२, ३६ आणि १२ मिलिग्रॅम. ५६ गोळ्यांच्या पेटीला १.८ ग्रॅम काळा बोळ, २ ग्रॅम सुंठ आणि ०.६५ ग्रॅम साबण पुरतो. सारे सामान काष्ठौषधीच्या दुकानात आणि घरात मिळाले. बाळंतिणीला काळा बोळ देणाऱ्या घरांत या ‘जगप्रसिद्ध’ गोळीचे रहस्य काही फार मोठे वाटणार नाही. ती म्हणजे सुंठ घातलेले रेचक.

पहिला घाणा फसला. पूड वस्त्रगाळ केली नव्हती आणि पाणी अंदाजाने ओतले, त्यामुळे लगद्याची वात वळताना ती पाटावर पसरू लागली. दुसऱ्या वेळी पाणी थेंबाथेंबाने घातले, पण पावसाळी हवेत गोळ्या एकमेकींना चिकटून सकाळपर्यंत त्यांचा एक लाडू झाला. तिसऱ्या वेळी महाविद्यालयाच्या कपाटात पडलेले गोळ्या पाडण्याचे पितळी यंत्र घासूनपुसून घेतले, त्याच्या खाचांत व गोळ्यांवर शंखजिरे भुरभुरले आणि गोळ्या पंख्याखाली चोवीस तास वाळवल्या. पेटीत ५६ भरल्या. विद्यार्थ्याच्या हाताचा कडूपणा दुसऱ्या दिवशीही गेला नव्हता, आणि डब्यातली पोळी खाताना त्याला तो चांगलाच समजला. हातमोजे घालावेत.

पेटी विकली जाई १ शिलिंग दीड पेनीला. यातला दीड पेनी म्हणजे सरकारी औषध-मुद्रांक, आणि हे कराचे तिकीट म्हणजे सरकारची हमी असा गिऱ्हाइकाचा समज होई. संघटनेच्या हिशेबाप्रमाणे ५६ गोळ्यांतील द्रव्यांची किंमत सुमारे अर्धा फार्दिंग. जाहिरात मात्र सांगे की पेटीचे मोल एका गिनीचे, म्हणजे २१ शिलिंगांचे आहे. फार्दिंग म्हणजे काय हे आजच्या मुलाला सांगत बसण्यापेक्षा मी गणित सोडवले : शिलिंगाचे बारा पेनी, म्हणून पेटीची किंमत साडेतेरा पेनी; पेनीचे आठ अर्धे फार्दिंग, म्हणून साडेतेरा पेनींचे १०८. जपमाळेच्या मण्यांइतकाच आकडा आला. लगेच १०८ काचेचे मणी दोऱ्यात ओवले, एक लाल आणि बाकीचे पांढरे. लाल मणी औषधाचा. पांढऱ्यांत कर, पेटी, दुकानदार, जाहिरात आणि नफा. या टेबलावरची ही एकच वस्तू पहिल्या प्रयत्नात जमली.

१४ जून

सकाळी प्रयोगशाळा उघडली तेव्हा टेबलावर मुंग्यांची रांग होती आणि छताला तपकिरी डाग होता. पिंकहॅमच्या बाटलीत मी काळ्या गुळाच्या पाण्यात मेथीचा काढा घालून ठेवला होता. मूळ मिश्रणात मुळ्यांबरोबर मेथीही असे, म्हणून हा नसता प्रामाणिकपणा. अकरा दिवसांत गूळ आंबला आणि बूच उडाले. विन्स्लोच्या बाटलीचे बूचही निम्मे वर आले होते. दोन्ही लेबले गेली.

या अपघाताने एक गोष्ट मात्र शिकवली. पिंकहॅमच्या औषधात १८ टक्के अल्कोहोल असे, आणि ते केवळ विद्रावक व टिकवण म्हणून घातले आहे, असे उत्पादक सांगत. मी ते निव्वळ ढोंग समजत होतो. आता म्हणतो की अर्धे खरे होते : वनस्पतींचा पातळ काढा तसाच बाटलीत भरला तर काय होते, ते आमच्या छतावर दिसते आहे. उरलेले अर्धे असे की साधारण बिअरच्या तिपटीहून तीव्र द्रव दिवसातून अनेकदा चमच्याने घेतल्यावर बरे वाटू लागणे साहजिक होते, आणि त्या बरे वाटण्याचे श्रेय मुळ्यांना मिळे.

आम्हाला अल्कोहोल वापरता येत नाही. महाविद्यालयाकडे स्पिरिटचा परवाना आहे, पण तो साठा प्रदर्शनाच्या बाटल्यांत भरण्यासाठी नाही. उपाय म्हणून निम्म्याहून अधिक ग्लिसरीन, बाकी उकळून गार केलेले पाणी, रंगाला थोडी जाळलेली साखर आणि चिमूटभर सोडियम बेन्झोएट असे मिश्रण केले. (नंतरची भर : ऑगस्टअखेरपर्यंत त्याला काही झाले नाही.) सर्व बुचांवर लाख ओतून ती बंद केली, म्हणजे कोणी उघडून चाखणार नाही.

सर्पतेलासाठी लाल मिरची तेलात तापवली आणि सारा मजला खोकत बाहेर आला. मिरची न तापवता द्रवरूप पॅराफिनमध्ये आठवडाभर भिजत ठेवली तरी पुरेसा रंग उतरतो.

२२ जून

रॅडमच्या बाटलीवर काचेतच उठवलेले चित्र असे : हातात सोटा घेतलेला माणूस सांगाड्याला बडवतो आहे, आणि भोवती ‘सर्व रोग बरे करते’ अशी अक्षरे. टेक्सासमधील ऑस्टिनचा हा माळी. झाडांची कीड मरते तर माणसाच्या अंगातले जंतू का मरू नयेत, असा त्याचा तर्क. जंतूंचा शोध नवा होता आणि वर्तमानपत्रांत त्याचा बोलबाला होता, त्यावर हा स्वार झाला. गॅलनला तीन डॉलर घेऊन त्याने विकले ते जवळजवळ पाणीच. त्यात थोडे आम्ल आणि रंगापुरती तांबडी दारू.

काचेवर उठाव आणण्यासाठी आधी गरम गोंदाची बंदूक वापरली; अक्षरे जाड व ओबडधोबड आली आणि दुसऱ्या दिवशी सालीसारखी निघाली. मग एका विद्यार्थिनीच्या शेजारी मेंदी काढून देणारी एक ताई राहते, तिला विचारले. पांढऱ्या डिंकात शंखजिरे घालून ते तिने मेंदीच्या कोनात भरले. बाटली आधी साबणाने धुऊन स्पिरिटने पुसायला लावली, आणि पाऊण तासात सांगाड्याच्या बरगड्यांसकट सारे चित्र काढून दिले. वाळल्यावर त्यावर तपकिरी काचरंगाचा एक हात दिला. तिला ५०० रुपये दिले. तिने विचारले, “सर, हा बडवतोय तो डॉक्टर आहे का?” मी म्हटले, “नाही, माळी आहे.” ती बराच वेळ हसत होती.

५ जुलै

आज चाचणी मांडणी केली आणि ती साफ फसली. ही नोंद लांब लिहितो.

टेबलावर सहा बाटल्या, प्रत्येकीच्या मागे मूळ जाहिरात मोठी करून लावलेली, पुढे दाव्यांचा मराठी अनुवाद ठळक टायपात, आणि खाली लहान टायपात खरे घटक व परिणाम. प्राचार्य, शिक्षक आणि काही विद्यार्थी येऊन गेले, सर्वांनी वाहवा केली. दुपारी झाडलोट करायला आलेल्या मावशी विन्स्लोच्या बाटलीपाशी थांबल्या. जाहिरातीत प्रसन्न आई आहे, मांडीवर गुबगुबीत बाळ आहे, आणि खाली मी फार मन लावून केलेला अनुवाद आहे, की दात येताना रडणाऱ्या बाळास शांत झोप लागते व आईस विसावा मिळतो. मावशींनी तो अक्षर अक्षर लावून वाचला आणि विचारले, “सर, हे औषध आता कुठं मिळतंय? आमच्या लेकीचं पोरगं रातभर झोपंना झालंय.”

त्या बाटलीत मूळ काळी औंसाला सुमारे ६५ मिलिग्रॅम मॉर्फीन असे. १८४९ पासून अमेरिकेत ती विकली गेली आणि १९११ साली तेथील वैद्यक संघटनेने तिची गणना ‘बाळांच्या मारेकऱ्यांत’ केली. हे सारे मी फलकावर लिहिले होते, पण बारा पॉइंटात आणि तिसऱ्या ओळीत. म्हणजे मी तेच केले होते जे मूळ उत्पादकाने केले : आश्वासन मोठ्या अक्षरांत आणि उरलेले खाली. उत्पादकाला १९०६ च्या कायद्याने मॉर्फीन लेबलावर छापायला भाग पाडले. मला तर कोणी अडवलेही नव्हते.

शिक्षकांनी वाहवा केली, कारण त्यांना शेवट आधीच ठाऊक होता. चाचणीला जाणकार माणसे बोलावू नयेत.

मावशींना मी समजावून सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या की त्यांच्या आजीच्या तोंडी ‘बाळागोळी’ असा शब्द होता. मुंबईत गिरणीत जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफूची ही गोळी देत, म्हणजे कामाची पाळी संपेपर्यंत मूल झोपून राही. फलकावर याची एक ओळ मी वाढवली आहे. नातवाला डॉक्टरकडे न्यायला सांगितले.

१२ जुलै

पहिली दुरुस्तीही फसली. प्रत्येक दाव्यावर तिरपा लाल शिक्का मारला : ‘खोटा दावा’. दुसऱ्या तुकडीतील बारा मुलांना दाखवून नंतर प्रश्न विचारले, तेव्हा सात जणांना तो शिक्का सजावटीचा भाग वाटला होता, आणि दोघांना दावे आठवत होते पण घटक नाही. शिवाय क्लोरोडाइनवर हा शिक्का चुकीचाच होता. त्यात अफू, गांजाचा अर्क आणि क्लोरोफॉर्म होते. अफू आतड्यांची हालचाल मंदावते, त्यामुळे जुलाब थांबत आणि वेदना खरोखरच शमत. पटकीचे मूळ मात्र जात नसे आणि सवय जडत असे. सहाही बाटल्यांना एकच शिक्का लावणे म्हणजे आळस.

सर्पतेलाच्या फलकाचीही हीच गत. मी लिहिले होते की हे तेल बनावट, कारण त्यात साप नव्हता. एका मुलीने विचारले, “सर, साप असता तर चाललं असतं का?” उत्तर सुचेना. सरकारी पृथक्करणात त्यात हलके खनिज तेल, सुमारे एक टक्का चरबी, लाल मिरची आणि बहुधा किंचित कापूर व टर्पेंटाइन आढळले; १९१६ मध्ये स्टॅन्लीला २० डॉलर दंड झाला. मिरचीने चोळलेली जागा तापते आणि दुखणे थोडा वेळ विसरते, एवढे खरे. लेबलावर सापाचे तेल म्हणणे हे एक खोटे, आणि लकव्यावर गुण येतो म्हणणे हे दुसरे. आता दोन्ही वेगळ्या ओळींत लिहिली आहेत.

त्याच ओघात कायद्याचा तक्ताही दुरुस्त केला. १९०६ च्या अमेरिकन कायद्याने खोट्या दाव्यांना आळा बसला, असे मी लिहिले होते. ते चूक आहे. तो कायदा घटकांविषयी खोटे बोलू देत नव्हता. रोग बरा होतो असे खोटे सांगणे त्याच्या कक्षेत येत नाही, असा निकाल कर्करोगावरच्या एका औषधाच्या प्रकरणात तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९११ मध्ये दिला. १९१२ मध्ये दुरुस्ती झाली, पण तीत फसवण्याचा हेतू सिद्ध करावा लागे. विक्रेता म्हणे, माझा स्वतःचाच या औषधावर विश्वास आहे, आणि तेथे खटला अडे.

१८ जुलै

आता जमले असे वाटते. जाहिराती व दाव्यांचे अनुवाद पुढून काढून बाटलीच्या मागच्या बाजूला नेले. पाहणाऱ्याला टेबलाला वळसा घातल्याशिवाय ते दिसत नाहीत. पुढे शब्द कमी आणि वस्तू जास्त ठेवल्या. विन्स्लोच्या बाटलीपुढे पाच मिलिलिटरचा एक चमचा पाटाला चिकटवला आणि शेजारी खडूची एक गोळी, तिच्याखाली चौतीस पॉइंटात : ‘या एका चमच्यात मॉर्फीनच्या १० मिलिग्रॅमच्या एका गोळीएवढे मॉर्फीन होते.’ हिशेब सरळ आहे, कारण औंस सुमारे ३० मिलिलिटरचा, तेव्हा चमच्याला ११ मिलिग्रॅम पडतात. त्याखाली मूळ सूचना : सहा महिन्यांवरील बाळास एक चमचा, दिवसातून तीन ते चार वेळा.

मावशींना पुन्हा बोलावले. त्यांनी चमच्याकडे पाहिले, गोळीकडे पाहिले, ओळ वाचली आणि म्हणाल्या, “एवढ्याशा जिवाला चार वेळा?” मागे जाऊन त्यांनी चित्रातली आईही पाहिली, पण तिच्याविषयी काही बोलल्या नाहीत.

पिंकहॅमचा फलकही याच रीतीने बदलला. मिसेस पिंकहॅमना पत्र लिहा, पुरुषाच्या नजरेस ते पडणार नाही, असे जाहिरात सांगे. बाई १८८३ मध्येच वारल्या होत्या आणि पत्रांना उत्तरे जातच होती. १९०५ मध्ये अमेरिकेतल्या एका महिला मासिकाने त्यांच्या थडग्याच्या दगडाचे छायाचित्रच छापले. आम्ही पुढे एक टपालपेटी ठेवली आहे; झाकण उचलले की आत थडग्याच्या दगडाची पुठ्ठ्याची प्रतिकृती आणि साल.

२९ जुलै

खळीत मोरचूद घालायचा राहिला होता, त्याचे फळ आज दिसले. आठ दिवसांच्या झडीत चार लेबलांना काळी बुरी आली. जुने बुकबाइंडर खळ शिजवतानाच मोरचूद टाकत, हे मला लहानपणापासून माहीत आहे, तरी राहिले. लेबले सोलून तिसऱ्यांदा छापली आणि मोरचूद घातलेल्या खळीने लावली. कपाटात साठ वॉटचा दिवा दिवसा चालू ठेवतो आहे. तीन दिवस वाया गेले आणि उद्घाटन ५ ऑगस्टवर ढकलले.

३१ ऑगस्ट

प्रदर्शन काल उतरवले. खर्च असा झाला : बाटल्या १,१५०, तीनदा छपाई २,२६०, हातकागद व पुठ्ठे १,९००, रासायनिक व काष्ठौषधी सामान १,३७०, मेंदीचे काम ५००, काचेच्या कपाटाची दुरुस्ती २,८००, प्रवास १,४५०. एकूण ११,४३० रुपये. मंजूर रकमेपेक्षा ३,४३० अधिक, ते माझे गेले. लेबले पहिल्यांदाच लेझरवर छापली असती आणि मोरचूद विसरलो नसतो तर छपाईतले निदान हजार रुपये वाचले असते.

गोळ्या काल मोजल्या तेव्हा ५३ भरल्या. पेटीला कुलूप नव्हते. माझ्या तिघा मदतनिसांपैकी कोणी घेतल्या असतील तर तो आज फारसा वर्गात बसलेला नसावा. पुढच्या वेळी गोळ्या पेटीच्या तळाला डिंकाने चिकटवाव्यात.